गणवेश आणि निष्ठा

एखाद्या क्रीडासंघाचे नाव बदलले, पोशाखाचा रंग बदलला, टोपीवरचे चिन्ह बदलले, आणि दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत त्यातील एकूण एक खेळाडूही बदलला, तर तो संघ पूर्वीचाच आहे असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. खेळ तो खेळ, त्यात एवढे तत्त्वज्ञान कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीसाठी हजारो माणसे उन्हात ताटकळतात आणि जिच्या जयापजयाने घरोघरच्या जेवणाची चव बदलते, ती गोष्ट नेमकी कोणती आहे हे विचारणे पोरकट म्हणता येणार नाही. आपण ज्याच्यावर प्रेम करतो ते आहे तरी काय, हा प्रश्न साऱ्या नीतिविचाराच्या मुळाशी असतो. तो देवाविषयी विचारला काय, देशाविषयी विचारला काय, अथवा अकरा जणांच्या संघाविषयी विचारला काय, त्याचे स्वरूप फारसे पालटत नाही.

प्रश्न जुनाच आहे. थीसियसची नौका अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, कुजलेली फळी काढून तेथे नवी बसविली, आणि अखेर ती नौका तीच की दुसरी यावर तत्त्वज्ञांत वाद माजला, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन हेच विचारले: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? गीतेने तर देहालाच वस्त्राची उपमा दिली आणि वस्त्र बदलले तरी नेसणारा तोच असा निर्वाळा दिला. परंतु या तिन्ही दृष्टांतांत जी गोष्ट नाही ती क्रीडासंघात आहे. नौकेला कोणी आपली म्हणून हाक मारीत नाही. रथ मोडला म्हणून कोणाच्या घरी सुतक येत नाही. संघाचे तसे नाही. त्याला पाहणारे, त्याच्यावर हक्क सांगणारे, त्याच्यामुळे हसणारे-रडणारे लोक असतात. म्हणून ‘तोच की दुसरा’ हा निव्वळ सत्ताशास्त्राचा प्रश्न येथे राहत नाही. हे बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि बदलल्यावर आमची निष्ठा कोणीकडे, असा तो नीतीचा प्रश्न होतो.

आम्हां रायपूरकर मराठी मंडळींना तर हा प्रश्न मुळीच परका नाही. शंकर नगरातील एखाद्या मराठी घराची वंशावळ काढावी, तर तीत नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती अशा गावांची नावे निघतील. ज्यांचे आजोबा अथवा पणजोबा नोकरीनिमित्ताने इकडे आले, ते आले तेव्हा रायपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्यानंतर त्याच प्रांताचे मध्य प्रदेश झाले. १९५६ साली नागपूर व वऱ्हाड त्यातून निघाले आणि राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. घर जागचे हलले नाही. पाटी मात्र पुनःपुन्हा रंगविली गेली. अशा माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले म्हणजे तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातच या लेखाचा विषय आहे.

पाट्यांबरोबर संघही बदलले. रणजी स्पर्धा १९३४ साली सुरू झाली तेव्हा या प्रदेशाचा संघ मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने उतरत असे. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर-वऱ्हाडकडचा संघ विदर्भ झाला आणि आमचा भाग मध्य प्रदेशाच्या छत्राखाली गेला. २००० साली राज्य वेगळे झाले तरी छत्तीसगडच्या नावाचा संघ रणजीच्या मैदानावर यायला २०१६ उजाडले. एका दीर्घायुषी रायपूरकर क्रिकेटरसिकाने आपल्या हयातीत, न हलता, अशा निरनिराळ्या नावांच्या संघांना ‘आपला संघ’ म्हटले असेल. त्याला कोणी चंचल म्हणेल काय?

या संदर्भात चंदू सरवटे यांचे नाव हटकून आठवते. सरवटे सागरचे, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसांपैकी. १९४६ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात सरे संघाविरुद्ध ओव्हलवर शूटे बॅनर्जींच्या जोडीने शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागीदारी करणारे आणि दोघांनीही शतके काढणारे ते हेच. त्यांच्या कारकीर्दीचा तक्ता पाहिला म्हणजे मौज वाटते. मध्य प्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्य प्रदेश, विदर्भ, इतक्या संघांच्या टोप्या त्यांनी डोक्यावर घातल्या. येथे आपला प्रश्न उलटा होऊन समोर येतो. टोपी एक आणि माणसे अनेक, ही नौकेची गोष्ट झाली. माणूस एक आणि टोप्या अनेक, ही सरवट्यांची गोष्ट. तरीही त्यांच्यावर निष्ठाभंगाचा आरोप करण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. कारण जी टोपी डोक्यावर असेल तिच्यासाठी जीव ओतून खेळणे ही त्यांची निष्ठा होती. टोपीचा रंग हा तिचा विषय होता, आशय नव्हे.

ज्या संघातून सरवटे सर्वांत गाजले त्या होळकर संघाची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू १९२३ साली तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा नेतृत्व त्यांचेच होते. पुढे त्यांच्या हाताखाली मुश्ताक अली, सरवटे अशा खेळाडूंनी होळकर संघाला १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी स्पर्धा जिंकून दिली. आता गंमत पाहा. होळकर संस्थान १९४८ सालीच मध्य भारतात विलीन झाले होते. म्हणजे या चारांपैकी शेवटची दोन विजेतेपदे जे राज्य नकाशावर उरलेच नव्हते त्याच्या नावाने मिळविलेली आहेत. राजमुद्रा निरर्थक झाली होती, गादी गेली होती, पण संघ मात्र होताच, आणि जिंकतही होता. १९५४-५५ च्या मोसमानंतर तेही नाव मावळले.

पुढे २०२२ साली मध्य प्रदेशाने बंगळूर येथील अंतिम सामन्यात मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला, तेव्हा सर्वत्र लिहिले गेले की मध्य प्रदेशाचे हे पहिलेच विजेतेपद. नोंदवहीच्या दृष्टीने ते खरे आहे. होळकरांची चार विजेतेपदे वहीत होळकरांच्याच नावावर आहेत. परंतु इंदूरचे मैदान तेच, तेथील क्रिकेटची परंपरा तीच, शिकविणारे आणि शिकणारे यांची साखळीही तीच. मग वारसा का तुटला? याच्या शेजारी मुंबईचे उदाहरण ठेवून पाहावे. ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले, सगळा कारभार नव्या नावाने सुरू झाला, तरी १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक राखणारा संघ आणि २०२३-२४ मध्ये बेचाळिसावे विजेतेपद मिळविणारा संघ एकच, याविषयी कोणाला शंका आली नाही. मुंबईच्या खेळाडूंना टोपीवरच्या सिंहाचा अभिमान. त्या सिंहाला नव्या नावाचा अडथळा वाटला नाही. एका ठिकाणी नाव बदलले आणि संघ तोच राहिला. दुसऱ्या ठिकाणी नाव बदलले आणि संघ नवा झाला. तेव्हा नावात संघाचे संघत्व नाही, एवढे तरी स्पष्ट होते.

मग ते पोशाखात आहे काय? बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, पण या प्रश्नावर त्याचा इतिहास फार बोलका आहे. संपूर्ण संघाला उघडपणे पगार देणारा पहिला व्यावसायिक संघ १८६९ साली सिनसिनाटी शहरात उभा राहिला, आणि त्याचे नावच मुळी त्याच्या लाल पायमोज्यांवरून पडले होते. दोनच वर्षांत त्या संघाचे चालक व काही खेळाडू बोस्टनला गेले आणि जाताना ते लाल पायमोजे व ते नावही बरोबर घेऊन गेले. पोशाख शहर सोडून जाऊ शकतो हे अमेरिकेला इतक्या लवकर कळले. परंतु याहून जिव्हारी लागणारी गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घडली. तेथील डॉजर्स संघाचे नाव त्या वस्तीच्या रस्त्यांवरूनच आले होते: ट्रॅमगाड्या चुकवीत रस्ता ओलांडणारी माणसे, ते डॉजर्स. १९५५ साली या संघाने जागतिक विजेतेपद मिळविले, आणि १९५७ चा मोसम संपताच मालकाने तो उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला नेला. नाव तेच राहिले. निळा रंग तोच राहिला. सदऱ्यावरची वळणदार अक्षरेही तीच राहिली. खेळाडूही बरेचसे तेच होते. आणि तरीही ब्रुकलिनच्या लोकांनी म्हटले, आमचा संघ गेला. १९६० साली त्यांचे मैदानही पाडले गेले.

होळकर आणि ब्रुकलिन ही दोन उदाहरणे एकमेकांसमोर धरली म्हणजे विचाराला वाट सापडते. इंदुरात नाव व चिन्ह गेले, लोक राहिले. ब्रुकलिनमध्ये नाव व चिन्ह राहिले, लोक सुटले. आणि आम्ही अंतःकरणाला विचारून पाहिले, तर इंदुरात काहीतरी टिकले आणि ब्रुकलिनमध्ये काहीतरी मोडले असेच उत्तर येते, नोंदवही काहीही म्हणो. संघ हा अकरा माणसे, एक रंग आणि एक नाव यांची बेरीज नव्हे. ते एक नाते आहे. खेळणारे आणि ज्यांच्यासाठी ते खेळतात ते, यांच्यामध्ये कालांतराने जी एक सामायिक स्मृती आणि अपेक्षा साठत जाते, तिलाच आपण संघ म्हणतो. गणवेश हा त्या नात्याचा दाखला असतो. मंगळसूत्र म्हणजे विवाह नव्हे, पण म्हणून ते केवळ काळे मणी आहेत असेही कोणी म्हणणार नाही.

येथवर आलो म्हणजे एक धोका समोर उभा राहतो, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघ म्हणजे नाते, हे मान्य केले. पण प्रत्येक नाते चांगलेच असते काय? मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचा इतिहास पाहावा. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ असे संघ तेथे खेळत. पोशाख सर्वांचा पांढराच; भेद होता तो चिन्हात आणि नावात. त्या सामन्यांइतकी गर्दी, तितकी उत्कट निष्ठा दुसऱ्या कोणत्या स्पर्धेच्या वाट्याला त्या काळी क्वचितच आली असेल. आणि तरीही १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली तेव्हा त्यांनी धर्मवार संघांना आपली संमती नाही असे स्पष्ट सांगितले. १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली. सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती असल्यामुळे ‘इतर’ संघातून खेळत. १९४३ साली हिंदू संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. जन्माने, भाषेने, गावाने पूर्ण मराठी असलेल्या या माणसाला मराठी प्रेक्षकांच्या मोठ्या भागाने त्या दिवशी ‘परपक्ष’ म्हणून पाहिले, ते केवळ सदऱ्यावरच्या चिन्हामुळे. निष्ठा उत्कट होती. पण तिने माणसाला ‘इतर’ केले.

त्याच्याही आधीचे उदाहरण पाळवणकर बाळूंचे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज चर्मकार समाजातला. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना मैदानावर त्यांचा पांढरा पोशाख इतरांसारखाच होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. गणवेश या शब्दाचा अर्थच गणाचा वेश, सर्वांना सारखा वेश. ज्या वस्त्राने ‘आम्ही एक’ असे म्हटले, त्याच वस्त्रातल्या माणसाला बारा पावलांवर खोटे पाडण्यात आले. बाळूंना त्या संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले, तेव्हा कोठे त्या पांढऱ्या वस्त्राने दिलेले वचन अंशतः पाळले गेले. गणवेश हे वचन असते, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने. ज्याने तो अंगावर घातला त्याचे संघाशी वचन. आणि संघाचे व समाजाचेही त्याच्याशी वचन.

म्हणून जुने चिन्ह टिकविणे म्हणजे निष्ठा आणि बदलणे म्हणजे द्रोह, हे समीकरण आम्हांला मान्य नाही. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाचे नाव शंभरावर वर्षे तेथील मूळ रहिवाशांच्या नावावरून होते आणि त्याच्या टोपीवर त्यांचे दात विचकणारे लाल व्यंगचित्र असे. कित्येक प्रेक्षकांना ते चित्र प्राणाहून प्रिय होते. त्यांच्या बालपणाच्या आठवणी त्याच्याशी जडलेल्या होत्या. ज्यांचे ते चित्र होते त्यांना मात्र त्यात आपली विटंबना दिसे. २०१९ पासून ते चित्र पोशाखावरून उतरले आणि २०२२ पासून संघाने शहरातल्याच एका पुलावरील रक्षकमूर्तींवरून नवे नाव घेतले. एकाच्या स्मृतीची किंमत दुसऱ्याने अपमानाने चुकवावी, हे जितके दिवस चालले तितके पुष्कळ झाले. उलटपक्षी आपल्या क्रिकेट नियामक मंडळाचे चिन्ह पाहा. १९२८ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे तारांकित चिन्ह व्हिक्टोरिया राणीने १८६१ साली सुरू केलेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाच्या मानचिन्हाशी उघड साम्य दाखविते. साम्राज्य गेले, चिन्ह राहिले. त्या चिन्हाखाली खेळून आपल्या खेळाडूंनी त्याचा अर्थच बदलून टाकला, आज ते पाहून कोणाला राणी आठवत नाही, असे म्हणता येईल आणि त्यात तथ्यही आहे. पण अर्थ आपोआप बदलला असे समजून स्वस्थ बसणे निराळे, आणि समजून-उमजून एखादे चिन्ह आपलेसे करणे निराळे. पहिल्याला आळस म्हणतात.

आता रंगाकडे वळू. १९३२ पासून कितीतरी वर्षे भारतीय संघ पांढऱ्या पोशाखात खेळला. १९८३ सालचा विश्वचषकही त्याने पांढऱ्या वेशातच जिंकला. रंगीत कपडे ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांच्या सामन्यांतून आले. रात्रीच्या दिव्यांत आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळ उठून दिसावा हा त्यामागचा हिशेब. १९८५ साली ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत आपला संघ फिकट निळ्या पोशाखात जिंकला. १९९२ च्या विश्वचषकापासून रंगीत कपडे व पाठीवरची नावे ही रीतच झाली. निळ्याच्या छटा बदलत गेल्या, कधी गडद, कधी आभाळी, पण लोकांनी निळा आपला मानला. हा बदल बाजाराने आणला आणि लोकांनी स्वीकारला. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. परंतु याच काळात दुसरे काही घडत होते. छातीची जागा भाड्याने जाऊ लागली. आधी तेथे सिगारेटचे नाव आले, मग एका गुंतवणूक-उद्योगसमूहाचे, मग भ्रमणध्वनीचे, मग शिकवणीच्या व्यवसायाचे, मग पैसे लावून खेळावयाच्या खेळाचे. देशाचे नाव कधी छातीवर, कधी त्याखाली, अशी त्याची सरकासरक होत राहिली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पैसा न घेता खेळणे ही श्रीमंतांची चैन होती. बाळूंनी पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखून पोट भरले. नायडूंनाही इंदूरला नेले ते एका महाराजांच्या आश्रयानेच. छाती तेव्हाही गहाणच होती. सावकार तेवढा निराळा होता. आज एखाद्या लहान गावातील मजुराचा मुलगा खेळाच्या बळावर घर बांधतो, ते याच छातीवरच्या अक्षरांच्या पैशातून. तेव्हा शुद्धतेचा आव आणून त्याच्या कमाईवर नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. श्रमाचे मोल घेणे यात काहीही कमीपणा नाही.

परंतु मोल घेणे आणि वचन विकणे यांत भेद आहे, आणि तो कोठे सुरू होतो हे दाखविता येते. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमला यांनी संघाच्या सदऱ्यावरील मद्याचे चिन्ह अंगावर घेण्यास नकार दिला. त्यांच्या संघाने तो मानला आणि आमला वर्षानुवर्षे त्या चिन्हाविना खेळले. संघ बुडाला नाही. संघाचे एकत्व चिन्हाच्या एकसारखेपणावर अवलंबून नसते, हे त्या एका कोऱ्या सदऱ्याने सिद्ध केले. ज्या सदऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे तो गणवेश. ज्याला नाही तो बिल्ला. दुसरी खूण अशी की, संघाचा सदरा खेळाडूच्या अंगावर राहत नाही, तो मुलांच्या अंगावर येतो. शंकर नगराच्या बीटीआय मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर ७ किंवा १८ हा आकडा असतो, तो बाजारात मिळणाऱ्या नकलेचा. वडील माणसाने छातीवर जे मिरविले ते त्या पोराने आदर्श म्हणून घेतलेले असते. म्हणून जी वस्तू आपण आपल्या मुलाच्या हातात देणार नाही, ती त्याच्या दैवताच्या छातीवर लावणे हा व्यवहार नव्हे, ती फसवणूक होय. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तसे छातीवरचे ते नाव गेले, आणि सप्टेंबरातील आशिया चषकात आपला संघ केवळ देशाचे नाव छातीवर घेऊन उतरला. नवा आश्रयदाता लवकरच मिळाला, आणि तो मिळणारच होता. पण मधल्या त्या थोड्या दिवसांत कित्येकांना तो सदरा अधिक देखणा वाटला असेल, तर त्यांनी त्याचे कारण स्वतःला विचारावे.

निष्ठा भाड्याने देता येते काय, हा प्रश्न रायपुरात अगदी प्रत्यक्ष उभा राहिला. शहराबाहेरच्या क्रीडागाराला शहीद वीर नारायण सिंह यांचे नाव आहे. दुष्काळात भुकेल्यांना धान्य वाटणारे आणि १० डिसेंबर १८५७ रोजी याच शहरात फाशी गेलेले सोनाखानचे ते जमीनदार. या मैदानावर २०१३ साली आयपीएल स्पर्धेचे सामने झाले ते दिल्लीच्या संघाचे ‘घरचे सामने’ म्हणून. २८ एप्रिल २०१३ रोजी येथे दिल्ली आणि पुणे हे संघ खेळले. आम्हां मराठी मंडळींची मोठी पंचाईत! नियमाने ‘घर’ दिल्लीचे, जमीन छत्तीसगडची, आणि कानाला गोड लागणारे नाव पुण्याचे. त्या वर्षानंतर पुण्याचा तो संघच उरला नाही. दिल्लीच्या संघाने २०१९ च्या मोसमापासून नाव आणि चिन्ह दोन्ही बदलले. त्या दिवशी ज्या दोन नावांसाठी टाळ्या पडल्या, त्यांतले एकही आज मैदानावर नाही. टाळ्या खोट्या होत्या असे नव्हे. चांगल्या खेळाला दिलेली दाद कधीच खोटी नसते. पण ती दाद होती, निष्ठा नव्हती. दाद क्षणाला दिली जाते, निष्ठेला काळ लागतो. जे मोसमागणिक विकत घेता येते ते नाते नव्हे, एवढे समजून घेतले म्हणजे त्या खेळाचा आनंद निर्धास्तपणे लुटावा.

मग महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची निष्ठा कोणाकडे? आपल्यापैकी पुष्कळांचे मन मुंबईच्या धावफलकाकडे धाव घेते. ज्यांची मुळे नागपूरकडची आहेत त्यांना विदर्भाचा अभिमान वाटतो. जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तो इंदूरच्या होळकर मैदानावर, आणि त्यांचे प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. तेच पंडित चार वर्षांनी मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरविणार होते! एवढ्या एका वाक्यात किती टोप्या आल्या. छत्तीसगडच्या पहिल्या रणजी संघाचे कर्णधारपद महंमद कैफ यांनी सांभाळले, ते प्रयागचे. बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या नवजात संघाची टोपी प्रथम डोक्यावर घ्यावी आणि तिला वजन आणून द्यावे, यात आम्हांला काही विसंगत दिसत नाही. आपले पूर्वज या प्रांतात आले तेव्हा त्यांनी तरी दुसरे काय केले?

माया अनेकांवर असावी. तिची वाटणी केल्याने ती कमी होत नाही. माहेरची ओढ सासरी राहणाऱ्या लेकीला असतेच. पण निष्ठा ही केवळ ओढ नव्हे. निष्ठेत उत्तरदायित्व आहे. ज्या संघाच्या निवडीत अन्याय झाला तर आपण विचारू शकतो, ज्याच्या सरावाच्या खेळपट्टीवर आपल्या शेजारचा मुलगा घाम गाळतो, ज्याच्या पराभवात आपलाही काही वाटा असतो, तो संघ आपला. हे उत्तरदायित्व मुंबईविषयी आपण पार पाडू शकत नाही, रायपूरविषयी शकतो. छत्तीसगडच्या संघापाशी अद्याप मुंबईसारखी बेचाळीस विजेतेपदे नाहीत, होळकरांसारख्या आख्यायिका नाहीत. त्याच्या टोपीवरचे चिन्ह अजून नवे आहे, म्हणजेच त्याचा अर्थ अजून भरावयाचा आहे. भरलेल्या भांड्यावर मालकी सांगणे सोपे असते. रिकाम्या भांड्यात पहिली ओंजळ टाकणे हे खरे आपलेपण.

चिन्हे बदलतील, रंग बदलतील, कदाचित राज्यांच्या सीमाही पुन्हा बदलतील. त्यांवर आपला ताबा नाही. परंतु जे चिन्ह आज आपल्या मुलांच्या डोक्यावर आहे, त्याखाली कोणाला मंडपाबाहेर चहा मिळू नये, कोणाला ‘इतर’ म्हणवून घ्यावे लागू नये, आणि कोणाची छाती त्याला न विचारता विकली जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.